तांदळाच्या दाण्याचा दहावा भाग

तांदळाचा एक दाणा तळहातावर घ्या. वजन साधारण २० मिलिग्रॅम. एका ग्रॅममध्ये असे पन्नास दाणे मावतात. आता मनातल्या मनात त्या दाण्याचे दहा सारखे तुकडे करा आणि नऊ फुंकून टाका. उरला तो २ मिलिग्रॅमचा कण. फेंटानिल नावाचं वेदनाशामक एवढंसं जरी एका दमात शरीरात गेलं, तरी सवय नसलेल्या धडधाकट माणसाचा जीव जाऊ शकतो, असं अमेरिकेची अमली पदार्थविरोधी यंत्रणा डीईए सांगते.

हा कण घेऊन आदिलाबादला चला. पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं, पण बाजारात मराठी कानावर पडतच राहते. २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यातल्या आजच्या आदिलाबाद जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेच्या हिशोबाने ७,०८,९७२ माणसं राहतात. प्रत्येकाच्या नावावर २ मिलिग्रॅम मांडा आणि गुणाकार करा. उत्तर येतं १ किलो ४१८ ग्रॅम. सगळी मंडलं, शेकडो गावं, कापसाचे आडते, शाळकरी पोरं, म्हातारीकोतारी, सगळी धरून दीड किलोसुद्धा नाही! किराणा दुकानदाराच्या काट्यावर हे पारडं पुरतं खालीही जाणार नाही. सात लाखांचा हा आकडा लक्षात असू द्या, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

फेंटानिल हे काही चोरबाजारात जन्मलेलं विष नाही. ते औषध आहे, आणि उत्तम औषध आहे. मॉर्फिनच्या ५० ते १०० पट जोरकस. कॅन्सरच्या रुग्णाला त्याची पट्टी छातीवर किंवा दंडावर चिकटवतात. पट्टीवर लिहिलेलं असतं, तासाला २५ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. मिठाचा एक बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे ही पट्टी एका तासात मिठाच्या अर्ध्या कणापेक्षाही कमी औषध कातडीतून आत सोडते, आणि तेवढ्यावर हाडं पोखरणारी वेदना शांत राहते. पट्टी तीन दिवस चालते. ७२ तास गुणिले २५, म्हणजे १,८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १.८ मिलिग्रॅम.

जरा थांबून हे दोन आकडे शेजारी ठेवा. १.८ आणि २. तीन दिवसांत हळूहळू गेलं तर माणसाला झोप लागते, सून हातात देते ती पेज तो खातो, नातवाशी बोलतो. जवळपास तेवढंच एकदम गेलं तर श्वास बंद. वजन तेच, फरक फक्त वेळेचा! म्हणूनच ही पट्टी कातरायची नाही, तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, कारण उष्णतेने औषध भराभर आत जातं. काढून टाकलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असतं. ती चिकट बाजू आत येईल अशी घडी घालून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची. रांगतं मूल दहा किलोचं असतं आणि आजोबा साठ किलोचे. आजोबांना जे मानवतं ते मुलाला सहापट होतं.

याहून जोरकस भावंडंही आहेत. हत्तीला बेशुद्ध करण्यासाठी वनखात्याचे पशुवैद्य एटॉर्फिन वापरतात. चार टनांचा, म्हणजे चाळीस क्विंटलांचा, प्राणी. त्याला आडवं करायला मोजके मिलिग्रॅम पुरतात. तांदळाच्या एका दाण्याहून कमी वजनाचं औषध एका हत्तीला पुरून उरतं!

ही सगळी मंडळी ओपिऑइड या एकाच घराण्यातली, मूळपुरुष अफू. आणि जास्त झाली की सगळ्यांची मारण्याची रीत एकच, मेंदूला श्वास घ्यायचा विसर पडतो. आता श्वासाचाच हिशोब करू. माणूस मिनिटाला साधारण १४ वेळा श्वास घेतो. दिवसाला २०,१६०. प्रत्येक श्वासात अर्धा लिटर हवा. म्हणजे दिवसाला दहा हजार लिटर. उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. तेवढी हवा एक माणूस रोज, न मागता, झोपेतसुद्धा आत ओढतो. वर्षाचे झाले साडेछत्तीस लाख लिटर. वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल अशी विहीर तोंडापर्यंत भरली तर साडेतीन लाख लिटर आणि वर थोडं. म्हणजे एका माणसाला वर्षाला दहा विहिरी हवा लागते! सत्तर वर्षांच्या आयुष्यात सातशे विहिरी. हा सातशे विहिरींचा रहाट तांदळाच्या दाण्याच्या दहाव्या भागाने थांबतो. आणि थांबला की मेंदूला प्राणवायूविना चार-पाच मिनिटांत इजा व्हायला लागते. चार मिनिटं म्हणजे न घेतलेले ५६ श्वास. सगळी लढाई त्या छप्पन्न श्वासांच्या आत लढायची असते.

आता मिलिग्रॅममधून उठून टनांत जाऊ.

१९९६ साली अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आली. तिच्यातलं ऑक्सिकोडोन बारा तास हळूहळू सुटत राहतं, म्हणून सवय लागण्याची भीती कमी, असं कंपनीने डॉक्टरांना पटवलं. पाठदुखीला, गुडघेदुखीला, दाढ काढल्यावर, अशा प्रत्येक दुखण्याला ओपिऑइडच्या चिठ्ठ्या फाटू लागल्या. २०१२ या एका वर्षात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २५ कोटी ५० लाख चिठ्ठ्या लिहिल्या. शंभर माणसांमागे ८१! आणि २००६ ते २०१२ या सात वर्षांत ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या फक्त दोन औषधांच्या किती गोळ्या तिथल्या दुकानांत पोचल्या? ७,६०० कोटी.

सात हजार सहाशे कोटी हा आकडा तोंडाने म्हणता येतो, पण डोक्यात मावत नाही. तो मोडून पाहू. सात वर्षांत दर सेकंदाला ३४४ गोळ्या. तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत ३४४ गेल्या. तुम्हीच मोजायला बसलात, सेकंदाला एक, न झोपता, न जेवता, तर २,४०८ वर्षं लागतील. चंद्रगुप्त मौर्य गादीवर बसायच्याही आधी मोजायला सुरुवात केली असतीत तर आत्ता कुठे शेवटची गोळी बाजूला ठेवली असतीत. एका गोळीची लांबी एक सेंटिमीटर धरा आणि गोळीला गोळी लावून ओळ करा. ७ लाख ६० हजार किलोमीटर. मुंबई-पुणे रस्त्याचे पाच हजारांहून जास्त फेरे. पण पुण्याला कशाला जायचं? ही ओळ सरळ चंद्रावर जाते, तिथून वळते, आणि पृथ्वीच्या नऊ हजार किलोमीटर अलीकडे येऊन संपते! वजन? एक गोळी पाव ग्रॅमची धरली तरी १९ हजार टन. त्यात औषध थोडं आणि पिठूळ भर जास्त, हे खरं. पण माल म्हणून पाहिलं तर सिंगरेणीच्या खाणीतून निघणाऱ्या कोळशाच्या मालगाडीत ३,८०० टनांच्या आसपास कोळसा असतो, तशा अख्ख्या पाच मालगाड्या.

आणि हा माल सारखा पसरला नव्हता. वेस्ट व्हर्जिनियात कर्मिट नावाचं गाव आहे. वस्ती सुमारे चारशे. आपल्याकडे अशा गावात औषधाचं दुकान असलं तरी नवल. तिथल्या एकाच दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोनच्या ९० लाख गोळ्या पोचल्या. माणशी साडेबावीस हजार. एका माणसाला रोज तीस! दुकान बारा तास उघडं धरा, तर दर साडेतीन सेकंदांना एक गोळी काउंटरवरून गेली पाहिजे. अर्थात गावकऱ्यांनी त्या खाल्ल्या नाहीत, दूरदूरच्या गाड्या येऊन दुकानासमोर लागायच्या. चार्ल्सटनच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार एरिक आयर याने हे आकडे २०१६ मध्ये बाहेर काढले आणि त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. मला त्याच्या बातम्यांचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की त्यात मोठे शब्द जवळपास नव्हते. गावाची लोकसंख्या आणि गोळ्यांची संख्या शेजारी ठेवली आणि काम झालं.

मग मरणं. सुरुवात डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या गोळ्यांनी झाली. २०१० च्या सुमारास लोक हेरॉइनकडे वळले, आणि २०१३ पासून चोरून बनवलेलं फेंटानिल आलं. २०२२ या एका वर्षात ओपिऑइडमुळे ८१,८०६ माणसं गेली. दिवसाला २२४. रेल्वेच्या जुन्या धाटणीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात. म्हणजे रोज तीन डबे भरून माणसं, आणि वर आठ जण उभे. १९९९ ते २०२२ या काळाची बेरीज सुमारे ७ लाख २७ हजार.

आठवला मघाचा आकडा? ७,०८,९७२. अख्खा आदिलाबाद जिल्हा! उटनूरच्या डोंगरातले गोंडांचे गुडे, जैनथची शेतं, इंद्रवेल्ली, बोथ, जिल्ह्याच्या गावचं बसस्टँड, सगळं रिकामं. एक माणूस उरला नाही, आणि तरी अठरा हजारांची भर बाकी. अठरा स्लीपर डब्यांच्या गाडीत १,२९६ माणसं बसतात. अशा ५६१ गाड्या लागतील. एकीच्या मागे एक उभ्या केल्या तर मुंबई ते पुणे हा १९२ किलोमीटरचा रूळ पुरणार नाही. रांग घाट चढेल, पुणे स्टेशन ओलांडेल आणि दौंडच्या अर्ध्या वाटेच्याही पुढे जाईल.

पैशांचं पाहायचं? अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने, सीडीसीने, २०१७ या एका वर्षाचं नुकसान १ लाख २ हजार कोटी डॉलर काढलं आहे. व्यसनाचे उपचार, बुडालेली कमाई, कोर्टकचेऱ्या, आणि गेलेल्या जिवांची किंमत धरून. तेव्हाच्या ६५ रुपयांच्या भावाने ६६ लाख कोटी रुपये. त्या वर्षीचं भारत सरकारचं अख्खं अंदाजपत्रक होतं २१ लाख ४७ हजार कोटींचं. रेल्वे, लष्कर, खतं, रेशन, पगार, सगळं धरून. त्याच्या तिप्पट रक्कम एका औषध-घराण्याच्या अतिरेकात गेली.

इथवर वाचून कुणाला वाटेल, बरं झालं, आपल्याकडे हे औषध मिळतच नाही. आता खरी छाती दडपते ती इथे.

२०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगातल्या वेदनाशमनाचा हिशोब मांडला. आधीच्या काही वर्षांची सरासरी धरून जगात वर्षाला मॉर्फिनच्या मापाने २९८.५ टन ओपिऑइड वाटलं जात होतं. कापसाच्या मापात २,९८५ क्विंटल. त्यातलं सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याला किती? ०.१ टन. एक क्विंटल! आदिलाबादच्या मार्केट यार्डात २,९८५ क्विंटल कापूस उतरावा आणि त्यातला एक क्विंटल गरिबांच्या नावावर चढावा, बाकीचा इतरांच्या.

भारत त्या सगळ्यात गरीब गटात नाही, पण आपलं पान पाहा. ज्या रुग्णाला वेदनाशमनाची गरज आहे अशा एकेका रुग्णामागे अमेरिकेत वर्षाला ५५,७०० मिलिग्रॅम पोचत होतं. भारतात ४३. गरजेच्या ४ टक्के. भाग द्या, १,२९५ पटींचा फरक. अमेरिकेचा आकडा म्हणजे सीएसएमटी ते पुणे हा १९२ किलोमीटरचा प्रवास धरला, तर आपला आकडा १४८ मीटरवर संपतो. गाडी सुटलेलीसुद्धा नाही. फलाटावर उभ्या असलेल्या गाडीचे सहा-सात डबे चालून गेलात की झालं!

आणि हे त्या देशात, जिथे नीमच आणि गाझीपूर इथे सरकारचे स्वतःचे अफूचे कारखाने आहेत. गाझीपूरचा तर १८२० पासूनचा. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते, तिचा चीक सरकार विकत घेतं, परदेशी पाठवतं. आपल्याच मातीतलं औषध आपल्याच रुग्णाला मिळेना, कारण १९८५ चा अमली पदार्थांबाबतचा एनडीपीएस कायदा. हेतू चोरटा व्यापार रोखण्याचा, पण परवान्यांचं जंजाळ एवढं झालं की दुकानदार आणि दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच घाबरू लागले. १९९७ पर्यंत देशातला मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला. त्या वर्षी अख्ख्या भारताने वापरलं १८ किलो. पंचाण्णव कोटींचा देश, अठरा किलो! माणशी १९ मायक्रोग्रॅम. मिठाच्या एका कणाचे तीन भाग करा, त्यातला एक भाग, तोही वर्षभरासाठी. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले, तेव्हा २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि अत्यावश्यक औषधांचे नियम देशभर एक झाले. तरीही आदिलाबादच्या कॅन्सरच्या रुग्णाला सरकारी मोठं इस्पितळ म्हणजे हैदराबादचं एमएनजे, तीनशे किलोमीटर. मुंबई-पुणे जाऊन-येऊन होईल एवढा एका बाजूचा रस्ता, आणि तो हाड ठणकत असताना काढायचा.

लॅन्सेटच्या आयोगाने आणखी एक बेरीज केली होती आणि तिने मी अक्षरशः उडालो. जगातल्या सगळ्या वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांची तूट भरून काढायला वर्षाला किती मॉर्फिन लागेल? ४८.५ टन. कोळशाच्या मालगाडीच्या एका वाघिणीत साठेक टन बसतात. म्हणजे अख्ख्या जगाची न शमलेली वेदना एका वाघिणीत मावते, आणि वर जागा उरते! तिची किंमत, स्वस्तात स्वस्त भावाने, १४ कोटी ५० लाख डॉलर, साडेनऊशे कोटी रुपयांच्या आत. मघाचं अमेरिकेचं वर्षाचं नुकसान आठवा आणि भाग द्या. सात हजार पट! तिथे पंचाहत्तर मिनिटांत जेवढं बुडतं, तेवढ्यात जगाचं वर्षभराचं औषध येतं. पंचाहत्तर मिनिटांत मुंबईहून सुटलेली डेक्कन क्वीन कर्जतलाही पोचलेली नसते.

आपण फक्त उपाशी आहोत असंही नाही. चुकीच्या दाराने आपल्याकडेही पूर येतो. ट्रामाडॉल हे सौम्य समजलं जाणारं ओपिऑइड वर्षानुवर्षं सहज मिळायचं, ते २०१८ मध्ये एनडीपीएसखाली आलं. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, इटलीतल्या जोया ताउरो बंदरात भारतातून निघालेल्या ट्रामाडॉलच्या २ कोटी ४० लाख गोळ्या पकडल्या गेल्या. आपल्या सेंटिमीटरच्या मापाने २४० किलोमीटर. मुंबईहून निघून पुणे मागे टाकून साताऱ्याच्या तोंडाशी. जिथे हवं तिथे थेंब नाही, नको तिथे लोंढा. माझं म्हणणं एवढंच आहे, की अमेरिकेच्या भीतीने आपल्या जिल्हा रुग्णालयातलं मॉर्फिनचं कपाट बंद ठेवणं हा उपाय नव्हे. कपाट उघडा, आणि शेजारच्या टेबलावर एक फोन ठेवा.

तो फोन म्हणजे विष माहिती केंद्र. १९५३ साली शिकागोत अमेरिकेतलं पहिलं सुरू झालं. २०२३ मध्ये तिथे अशी ५५ केंद्रं होती, सगळ्यांचा नंबर एक. वर्षाला विषबाधेच्या वीस लाखांहून जास्त केसेस त्यांच्याकडे येतात. दर पंधरा सेकंदांना एक. डेक्कन क्वीन पुण्याला पोचेपर्यंत साडेसातशेहून जास्त! त्यांतली सगळ्यात मोठी वर्गवारी वेदनाशामकांची, अगदी साध्या पॅरासिटामॉलपासून ओपिऑइडपर्यंत. आणि यातली सुखाची गोष्ट ऐका. जवळपास दोन तृतीयांश माणसांना इस्पितळाची पायरीच चढावी लागत नाही. फोनवरचा माणूस सांगतो, काही होणार नाही, घरीच थांबा, एवढं करा आणि एवढं बघा. वर्षाला तेरा लाखांच्या आसपास माणसं फोन ठेवून घरीच राहतात. जवळजवळ दोन आदिलाबाद जिल्हे!

आपल्याकडेही हा फोन आहे. दिल्लीच्या एम्समध्ये फेब्रुवारी १९९५ मध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र सुरू झालं. चोवीस तास, फुकट, नंबर १८०० ११६ ११७. आदिलाबादहून दिल्ली रस्त्याने साडेबाराशे किलोमीटर. मुंबई-पुण्याचे आठ फेरे. पण काचेच्या तारेतून आवाज ते अंतर सहा-सात हजारांश सेकंदात कापतो. डोळ्याची पापणी एकदा लवेपर्यंत पंधरा वेळा दिल्लीला शिवता येईल.

मग प्रश्न सुरू होतात, आणि ते ठरावीक क्रमाने असतात. शुद्ध आहे का? श्वास कसा चाललाय? वय किती, वजन किती? काय घेतलं? स्ट्रिप हातात घ्या, नाव वाचा, खालचा मिलिग्रॅमचा आकडा वाचा. स्ट्रिपमध्ये किती होत्या, किती उरल्या? केव्हा घेतल्या? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण काही गोळ्या अर्ध्या तासात चढतात आणि काही बारा तास सुटत राहतात. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल, श्वास मिनिटाला चौदाचा पाच-सहा झाला असेल, तर मग घरी थांबणं नाही, आधी १०८. आदिलाबादमधून असा फोन गेलाच, तर तो बहुतेक वेळा कीटकनाशकाचा असणार, हेही सांगायला हवं. कापसाचा पट्टा आहे हा. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळात २०१७ च्या फवारणीच्या हंगामात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो इस्पितळात पडले. बाटली वेगळी, पण प्रश्न तेच, आणि फोनही तोच.

फक्त फोनवर बसणारी माणसं किती, ते पाहा. अमेरिकेत ३३ कोटींना ५५ केंद्रं, म्हणजे साठ लाखांमागे एक. त्या मापाने एकट्या तेलंगणाला सहा लागतील, महाराष्ट्राला वीसेक, भारताला २३३. आज आपल्याकडे अशी केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

आता शेवटचं पारडं, आणि ते आपल्या बाजूचं आहे. नॅलोक्सोन. १९६१ मध्ये पेटंट, १९७१ मध्ये अमेरिकेत मंजुरी. एका अॅम्प्यूलमध्ये ०.४ मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक. शिरेत दिलं की दोन-तीन मिनिटांत निळे पडलेले ओठ गुलाबी होतात, छाती उचलते, माणूस डोळे उघडतो. ओपिऑइड जिथे चिकटलेलं असतं तिथून हे त्याला ढकलून देतं. सावधगिरी एकच, याचा असर ३० ते ९० मिनिटं आणि बारा तासांच्या गोळीचा बारा तास. उठून बसलेला माणूस 'बरं वाटतंय' म्हणत घरी गेला तर पुन्हा कोसळू शकतो, म्हणून फोनवरचा माणूस बजावून सांगतो की इस्पितळातून हलवू नका. आदिलाबाद जिल्ह्यातल्या ७,०८,९७२ माणसांना प्रत्येकी एक अॅम्प्यूल द्यायचं म्हटलं तर औषध लागेल २८४ ग्रॅम. दीड किलो विषावर पाव किलोभर उतारा!

अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. औषधांच्या दुकानांतून, ग्रंथालयांतून, पोलिसांच्या खिशातून तो फिरू लागला. व्यसनमुक्तीचे उपचार वाढले, रस्त्यावरचा मालही बदलला. सगळ्याचा मिळून परिणाम काय झाला? सीडीसीच्या प्राथमिक आकड्यांनुसार २०२३ मध्ये ओपिऑइडने गेलेली माणसं ८३,१४०. २०२४ मध्ये ५४,७४३. वजाबाकी करा. २८,३९७! एका वर्षात! अठरा डब्यांच्या बावीस गाड्या भरून माणसं, जी आदल्या वर्षीच्या हिशोबाने जायची होती ती गेली नाहीत. दिवसाला एक पूर्ण स्लीपर डबा आणि वर पाच-सहा जण. दर साडेअठरा मिनिटांना एक माणूस, दिवसरात्र, वर्षभर.